बांधावर गेलेला दगड

॥ श्री ॥
पारशिवनी, ता. ४ मार्च १९७७

चि. कौशल्या हिस रूपरावकाकाचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. संत्र्याचा आंबिया बहार बरा धरला आहे. तुझ्या काकूचे गुडघे तसेच.

शेजारचा मार्तंड परवा नागपूरला गेला होता. त्यानं तुला रामदासपेठेत एका चार्टर्ड अकाउंटंटच्या हाफिसात पाहिलं, खाली मान घालून आकडे तपासून राहिली होती म्हणे. मी त्याला म्हटलं, दुसरी कोणी असेल गा, आमची पोरगी कालव्याच्या सर्व्हेवर इंजिनियर आहे, तिला जमाखर्चाशी काय करायचं? तर म्हणाला, तिनंच ओळख दिली आणि ती नोकरी सोडल्याचंही तिनंच सांगितलं.

काहून सोडली? काही चूक झाली, का कोणी काही बोललं, का त्या नव्या हाफिसात कोणी मनात भरला? शेवटचं असेल तर लिहून टाक, तुझी काकू नुसती हसेल. तुझ्या बापाच्या माघारी तुला शिकवलं तेव्हा गावानं मलेच वेड्यात काढलं होतं. आता तेच लोक विचारून राहिले, का गा रूपराव, पोरगी मुनीम झाली का? मी काय सांगू? दिवाळीपासून तुझी पत्रं चार ओळींची झाली आहेत. तू काही तरी दाबून ठेवलं आहे, एवढं मला समजते.

खरं काय ते लिही. घरच्यांना परकं करू नकोस.
तुझा काका,
रूपराव


॥ श्री ॥
धरमपेठ, नागपूर, ता. ११ मार्च १९७७

तीर्थरूप काकांस कौशल्याचा शि. सा. न. वि. वि.

मार्तंडने सांगितले ते खरे आहे. मला कोणी काढले नाही, माझ्या हातून चूक झाली नाही आणि कोणी मनात भरलेले नाही. काकूला हसण्यासाठी दुसरे कारण शोधावे लागेल. सध्या उमेदवारी आहे, पुढे परीक्षा देईन.

तुम्ही खुलासा मागितला म्हणून पुढचे लिहिते. एरवी लिहिणार नव्हते. कालव्याची रेषा संत्र्याच्या बागेतून न नेता बांधावरून नेता येईल का, असे तुम्ही मला दिवाळीत विचारले होते. तिकडे चढ आहे, पाणी जाणार नाही, असे मी सांगितले. तुम्ही विषय बदललात. जानेवारीत मी रेषा तपासायला आले तेव्हा बागेत रोवलेला आमच्या सर्व्हेचा दगड जागेवर नव्हता. तो साठ फूट दूर, त्याच बांधावर होता. वरचा लाल रंगातला क्रमांक शेंदराखाली गेला होता आणि पुढे नारळ फोडलेला होता. माझे मजूर त्याला हात लावायला तयार झाले नाहीत. ज्याने हे केले त्याला दोन्ही गोष्टी कळत होत्या: दगड कुठे हवा आणि तो तिथून कसा हलणार नाही.

मी जुन्या जागी दुसरा दगड बसवला. पहिला कोणी हलवला ते साहेबांनी विचारले. मी माहीत नाही म्हटले. माझ्या समजुतीप्रमाणे ते खोटे होते. घरच्या माणसाचे नाव घेणे जमले नाही आणि न घेता त्या नकाशांवर सही करत राहणेही जमले नाही. म्हणून नोकरी सोडली. दगड बांधावर सापडला त्याच दुपारी मी तुमच्याकडे जेवले. तेव्हा दगडाबद्दल घरात कोणी एक शब्द काढला नाही, हेही मी पाहिले.

हे वाचूनही माझ्यावर लोभ राहिला तर तो मला हवाच आहे.
आपली,
कौशल्या


॥ श्री ॥
पारशिवनी, ता. १७ मार्च १९७७

चि. कौशल्या हिस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी विचारलं होतं, हे कबूल. विचारणं म्हणजे चोरी होते का? वकिलासारखं एकेक कलम लावलं तू माझ्यावर. काकूला पत्र वाचून दाखवलं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला. ती सांगते ते तसंच उतरवतो:

पोरी, तो दगड म्याच हलवला वं. पांढरा दगड अन् त्याच्यावर लाल. मले वाटलं, कोणं तरी शेंदूर लावून देव मांडला. बैलाच्या पायात येईल म्हून गड्याले धरून बांधावर नेला, निंबाखाली ठेवला. लाल फिकं पडलं होतं, त वरून शेंदूर लावला. तुया काकाले काई मालूम नाई, ते त संत्रा घेऊन नागपूरले गेले होते. तू जेवाले आली तवा तोंडानं विचारलं असतं त म्या हात धरून नेलं असतं तुले. मी त उलट समजली, पोरगी थकली म्हून गप हाय.

झालं? आता नोकरी परत माग. आणि हेही खोटं वाटत असेल तर येऊन पाहा.
रूपराव


॥ श्री ॥
धरमपेठ, नागपूर, ता. २८ मार्च १९७७

तीर्थरूप काकांस शि. सा. न. वि. वि.

काकूचे म्हणणे तुमच्या अक्षरात आले होते. म्हणून काल तुम्ही बाजाराला गेल्यावर मी मुद्दाम घरी आले. हे तुम्हाला आवडणार नाही, पण माझ्याकडूनच कळलेले बरे.

मी काकूला एकच विचारले, दगडाखाली काय होते? ते उचलणाऱ्यालाच माहीत असणार. काकू उठली आणि देवघरातून एक लोखंडी खिळा घेऊन आली. दगडाची जागा सापडावी म्हणून आम्ही त्याखाली जमिनीत ठोकतो तो. हळदकुंकू लागून तो पुरता लालपिवळा झाला होता. देवाचे काही मागे राहू नये म्हणून उपटून आणला, म्हणाली. तो परत द्यायची तिची तयारी नव्हती. मीही मागितला नाही.

माझी सगळी मापे बरोबर होती. माणसाचे माप चुकले.

नोकरी परत मागणार नाही. इथे मधुकरराव म्हणून आमचे वरिष्ठ आहेत. सुरुवातीलाच मी एका कापडवाल्याच्या नोंदीवर संशयाचा शेरा लिहिला, तर त्यांनी तो कागद फाडला. आधी त्या माणसाला समोर बसवून विचारायचे, मग लिहायचे, असा त्यांचा दंडक आहे. मला तेव्हा राग आला होता, कारण शेरा बरोबर आहे अशी माझी खात्री होती. दुकानदाराने दोन वाक्यांत उलगडा केला. हे काम मला पूर्ण शिकायचे आहे. गावाला मुनीम म्हणायचे असेल तर म्हणू द्यावे.

कालवा मात्र बागेतूनच जाईल. ते जमिनीच्या उताराने ठरवले आहे, त्यात माझा हात नाही.

तुम्हाला राग आला असेल तर तो पत्रात लिहू नका. रविवारी पुन्हा येते, या वेळी तुम्ही घरी असताना. मला विचारायचे ते समोर विचारा. मीही विचारीन.

तोवर माया काढून घेऊ नये.
आपली,
कौशल्या