खांद्यातला आकडा

ती. दादास,

खाली वाकून नमस्कार. (हात वर करून करायचा असता तर आज जमला नसता.) तुझी आणि वहिनीची तब्येत ठीक असेलच. अकरा वर्षांत पत्र नाही म्हणून मी रुसलो होतो असं समजू नकोस. रुसला होतास तू, मी फक्त साथ दिली.

तर, माझा उजवा खांदा संपावर गेलाय. टेबलाच्या उंचीपर्यंत हात मुकाट चालतो, म्हणून हे पत्र तरी होतंय. त्याच्या वर नेला की ब्रह्मांड आठवतं. मागच्या आठवड्यात एका सोसायटीच्या हॉलचं छत रंगवत होतो आणि खाली त्यांची बैठक चालली होती. (बैठकीसाठी काम थांबवायची आपल्या दुकानात रीत नाही.) ब्रश वर नेला आणि हात तिथेच अडकला, ना वर ना खाली. नेमकं तेव्हाच अध्यक्ष म्हणाले, छताला रंगाचा दुसरा हात नको असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. ठराव एका मताने पास झाला. मी बोंब मारली, तो उत्साह समजला गेला.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि म्हणाल्या, तुमच्या हाडाला आकडा आहे. मी विचारलं, कितीचा? (रंगाच्या डब्यावर शेडचा असतो तसा असेल असं वाटलं.) त्यांनी दारामागच्या, कोट अडकवायच्या आकड्याकडे बोट दाखवलं. खांद्याच्या टोकाचं हाड कुणाचं सपाट असतं, कुणाचं बाकदार, कुणाचं असं वळलेलं. हात वर केला की खालचा स्नायू त्याला घासतो, आणि आम्ही तर जन्मभर छतंच रंगवलेली. घरात आणखी कुणाला? असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. जिना उतरताना तू आठवलास.

शिडीवरून उतरून तू म्हणायचास, हात वर जात नाही रे. आणि मी बाबांसमोर, गिऱ्हाइकासमोर म्हणालो होतो की आळस तुझ्या हाडीमाशी मुरलाय. दादा, हाडापुरतं माझं बरोबर निघालं. बाकीच्याची लाज वाटते. चुकलो मी.

लोभ उरला असेल तर असू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. : तूही फोटो काढून घे. आकडा असला की दुखतंच असं नाही, आणि व्यायामाने बरंच निभावतं, असं बाई म्हणतात. तुझं हाड सपाट निघालं तर मात्र कळवू नकोस. माफी मागून झाली आहे.

आणखी एक ता. क. : दुकानाच्या पाटीवरचं 'आणि बंधू' तू गेल्यावर मीच खरवडलं होतं. काल परत लिहायला शिडीवर चढलो. 'आणि' लिहून होईतो खांद्याने मान टाकली. गिऱ्हाइकं विचारतात, आणि कोण? काय सांगू? ये.