दुधाचे दात

४ डिसेंबर १९३४, रेवदंडा

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात एक लेकरू!

पाटील स्वतः घेऊन आले, सोबत शिपाई. दवाखान्यात बायकांची ही गर्दी, आणि यांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि मोकळे झाले. "डाक्टरीणबाई, शिवदासच्या वाडीत नवा पाट खणताना निघालं. फौजदारसाहेबांना दाखला पाहिजे."

कसला दाखला?

"हाडं तान्ह्या पोराची आहेत म्हणून."

म्हणजे काय निघायला हवं ते आधीच ठरलंय. सही तेवढी माझी!

तुळशीला सकाळीच धरून अलिबागेस नेलं. शिवदासच्या वाडीत शिंपणं करते, सुपारी सोलते, ती तुळशी. विधवा. वय पंचविशीच्या आतबाहेर. सहा वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते आणि मग पोट दिसेनासं झालं, असं गाव म्हणतं. हाडं तिच्या खोपटापासून हाकेवर निघाली. गावाला तेवढं पुरे झालं.

५ डिसेंबर

आज दवाखाना लवकर आटोपला. खिडकीशी पांढरं फडकं पसरलं आणि मऊ कुंचल्यानं माती काढत बसले. कवटीचे तुकडे. खालचा जबडा अख्खा, वरचा अर्धा. मांडीचं एक हाड, कडेला कुरतडलेलं. बरगड्या इतक्या बारीक, की फुंकर घालायची भीती वाटावी.

तान्हं मूल कसलं! जबड्यात दात आहेत! नुकत्या जन्मलेल्या मुलाचे दात हिरडीच्या आड, हाडाच्या खोबणीत कोंबासारखे असतात. इथे पुढचे दात पुरते वर आलेले, त्यांची धार थोडी झिजलेलीसुद्धा. या लेकरानं भाकरी खाल्लेली आहे. सुळे आलेत. पहिल्या दाढा आल्यात. मागच्या दाढा मात्र हाडातून अर्ध्याच वर. पुस्तकात पाहिलं — दोन ते अडीच वर्षं.

आणि एक गोष्ट. खाली उजवीकडे एक दात भलताच रुंद आहे. भिंग लावून पाहिलं — दोन दात एकमेकांत जुळून एक झालेले. जोडदात. हे दाखल्यात लिहिलं, पण तोंडानं कुणाजवळ बोलायचं नाही. उद्या एखादी आई म्हणून पुढे आलीच, तर तिच्या तोंडून येऊ दे.

मग भीती वाटली. हे असंच निघावं असं मला मनातून वाटत होतं का? मीही अठराव्या वर्षीच विधवा झाले. वडिलांनी शिकायला घातलं म्हणून आज खुर्चीत बसते, नाहीतर माझ्याकडेही कुणी बोट दाखवलं असतं. — पुन्हा पहिल्यापासून सगळे दात पाहिले. तेच निघालं.

६ डिसेंबर

फौजदार हसले. "बाई, तुमचं पुस्तक विलायती पोरांचं! आमच्याकडच्या पोरांना दात लवकर येत असतील. सहा-आठ महिने लपवून ठेवलं असेल तिनं, आणि मग—" पुढे हातानंच गळा दाबून दाखवला.

सहा-आठ महिने लपवून! या गावात! इथे कुणाची शेळी व्याली तरी संध्याकाळपर्यंत चार घरी पोचतं.

पण पुस्तक विलायती, हे खरं आहे. त्यावर मला उत्तर सुचलं नाही. तशीच घरी आले.

७ डिसेंबर

उत्तर माझ्या ओसरीवरच बसलेलं असतं की रोज! खोकल्याला, जंताला, खरजेला आलेली पोरं. आजपासून प्रत्येकाचं तोंड उघडून पाहायचं.

९ डिसेंबर

पोरांची तोंडं पाहून पाहून डोळे शिणले. आयांना तारखा ठाऊक नसतात, पण सण ठाऊक असतात. "शिमग्याच्या आदल्या दिशी जाला." "पितरपाटाला जाली, भर पावसात." त्यावरून महिने मोजते. एकानं बोट असं चावलं, की रक्त आलं! त्याची आई त्याला धपाटा घालायची सोडून मलाच विचारते, "बाई, दात बरं हायती ना त्याचं?"

फार बरे आहेत, म्हटलं. दोन महिन्यांपूर्वीच दोन वर्षांचा झालेला. मागच्या दाढा टोकाला जेमतेम दिसताहेत.

१० डिसेंबर

कोळीवाडा, आगरआळी, मोहल्ला — सगळीकडची पोरं पाहून झाली. वर्षाच्या आतल्या एकाही पोराला मागची दाढ नाही. दीड वर्षाच्यालाही नाही. माझं पुस्तक इथेही खरं आहे.

१२ डिसेंबर, अलिबाग

सिव्हिल सर्जनसाहेबांकडे डबा घेऊन गेले. साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जबडा फोडा. दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ हाडात तयार होत असते, ती किती झालीय पाहा. आजारानं, उपासमारीनं मूल खुरटतं, पण ती दाढ फारशी मागे राहत नाही.

माझ्याच हातानं फोडला. बारीक छिन्नी, हलके ठोके. हाडाची पापुद्र्याएवढी भिंत निघाली आणि आत ती दाढ — नुसता माथा, मूळ अजून धरलेलंच नाही. शिंपलीच्या आतल्या बाजूसारखी चकाकत होती. सहाव्या वर्षी यायची होती ती. लेकरू गेलं तेव्हा ती आत मुकाट्यानं घडत होती.

"अडीच वर्षं. दोनाच्या आत नाही, तिनाच्या पलीकडे नाही," साहेब म्हणाले आणि माझ्या सहीखाली सही केली.

कचेरीच्या आवारात तुळशी भेटली. म्हटलं, तू सुटशील. पोर मोठं आहे, तुझ्यावर काही येत नाही. मग पदर तोंडात घालून रडायला लागली — इतकी, की शिपाईसुद्धा बाजूला झाला. बिचारी! किती दिवस कोंडून धरलं असेल.

१५ डिसेंबर

तुळशीला सोडलं. आज फार दिवसांनी पोटभर जेवले.

१६ डिसेंबर

पण मग हे लेकरू कुणाचं? तान्हं नाही, हे सिद्ध करण्याच्या भरात हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता!

१९ डिसेंबर

केसर कोळीण आली. मासळीची पाटी बाहेर उतरवली, हात पदराला पुसले आणि दाराशीच उभी राहिली. मला वाटलं औषधाला आली.

"बाई, त्या डब्यातला किती वर्साचा हाय?"

अडीच, म्हटलं.

ती खाली बसली. "माजी गोदू तेवडीच व्हती."

सगळं सांगितलं तिनं. सहा वर्षांपूर्वीची नारळी पुनव. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर, वाजतगाजत. तिचा नवरा बुधाजी होडी सजवत होता, ही नैवेद्याचं पाहत होती. पोर पायात घुटमळत होती ती दिसेनाशी झाली. दोन दिवस सगळ्या होड्यांनी धुंडलं. मयत मिळालंच नाही. दर्यानं नेली म्हणाले. त्या दिवसापासून केसर पुनवेला किनाऱ्यावर गेली नाही. घरात बसून दर्याला शिव्या घालते, हे मी इथे आल्यापासून ऐकून होते. कशासाठी, ते आज कळलं.

मी विचारलं, तिचे दात कसे होते ग?

"दात?" स्वतःच्या ओठाला बोट लावून म्हणाली, "खालता एक दात रुंद व्हता. दोनाचा एक जालेला. ह्या बाजूला. बुधाजी म्हनायचा, देवानं माज्या पोरीला एक दात कमती दिला."

उठले, फडकं आणलं, तिच्यापुढे उघडलं. तिनं जबडा हातात घेतला — मासळी चाचपून पाहते तसा, न घाबरता — आणि अंगठा नेमका जोडदातावर ठेवला.

"ह्योच."

रडली नाही. अंगठा तसाच. मग तो फिरत फिरत मागे गेला आणि फोडलेल्या कडेवर थांबला.

"ह्यो कोनी फोडला?"

मी, म्हटलं. दाढ पाहायची होती. वय कळावं म्हणून.

माझी मान वर होईना. वाटलं, आता तळतळाट घालील, आणि तिनं घालावाच. ती म्हणाली, "तिला दुकलं न्हाय ना, बाई?"

नाही, म्हटलं. नाही ग. काही दुखलं नाही.

२१ डिसेंबर

शिवदासनं कबूल केलं. फौजदारांना मारायची वेळच आली नाही. बुधाजी आणि केसर वाडीच्या बेड्यापाशी, त्या बांबूच्या फाटकाशी, जाऊन उभे राहिले मात्र, तो घरातून बाहेर आला आणि आपणहून सांगू लागला.

त्या पुनवेला दुपारी तो घरी आला, तेव्हा पोर त्याच्या विहिरीत तरंगत होती. विहिरीला कठडा नव्हता. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर, अंगात आलेला. आता आपली वाडी जाळतील, आपल्याला जाळतील असं त्याला वाटलं. पोरीला काढली, घोंगडीत गुंडाळली, जुन्या पाटाच्या कडेला पुरली. आणि संध्याकाळी इतरांबरोबर तिला शोधायला गेला! हातात कंदील घेऊन! यंदा पाट खणायला काढला तो त्याच्या धाकट्या भावानं, हा मुंबईस सुपारी घेऊन गेला असताना.

"आणि तुळशीला नेली तेव्हा?" मी विचारलं. मी तिथे का गेले होते? माहीत नाही. गेले होते.

"वाटलं, सुटेल," म्हणाला.

बुधाजी त्याच्या अंगावर धावला. चौघांनी धरला. केसर जागची हलली नाही. नुसतं म्हणाली, "सा वरसं माज्या हातची मासली खाल्लीस तू. रोज इचारायचास, केसर, बरी हायस ना?"

शिवदासनं तोंड झाकून घेतलं.

२३ डिसेंबर

गोदूला आज मसणवटीत नीट पुरलं. डबा नको म्हणाली केसर. नवं फडकं मी दिलं.

तिथून ती सरळ किनाऱ्यावर गेली, मागोमाग आम्ही बायका. ओहोटी लागलेली, पाणी लांब गेलेलं. चिखल तुडवत ती पाण्यापर्यंत पोचली, नारळ सोडला, वाकून दोन्ही हातांनी पाणी डोळ्यांना लावलं. परत आल्यावर म्हणाली, "त्यानं न्हाय नेली. आन् मी त्याला काय काय बोलले! माफी मागून आले."

मग मात्र रडली. माझ्याच खांद्यावर. तिच्या अंगाला मासळीचा आणि कापराचा वास येत होता.

२ जानेवारी १९३५

खटला अलिबागेस चालेल. शिवदास जामिनावर आहे. माझी साक्ष होईल तेव्हा होईल.

मुंबईच्या डॉक्टरी मासिकाला इकडच्या पोरांच्या दातांबद्दल चार ओळी लिहून पाठवाव्यात असं साहेब म्हणतात. पाठवीन. वर म्हणाले, "मोठं काम केलंत, बाई — एका निरपराध बाईला सोडवलंत." खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं ऐकून.

११ फेब्रुवारी

शिवदासला वर्षाची सजा झाली. वाडी विकायला काढली आहे. केसर निकाल ऐकायला गेलीच नाही. बाजार होता.

१९ मे

वाडी चौलच्या एका बागाइतदारानं घेतली. पाऊस लागायच्या आत नवे माड लावायचे म्हणून उद्यापासून खड्डे खणणार आहेत.

२० मे

भल्या सकाळी तुळशी आली. दवाखाना अजून उघडायचा होता. पायरीवर बसली, आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, खड्डे कुठे घ्यायचे ते तुम्ही सांगाल का मालकाला? तुमचं ऐकतील. विहिरीपल्याडच्या रायआवळ्याखाली तेवढं खणू नका म्हणावं."

का ग?

"माझं तिथे आहे."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"डब्यातलं माझंच असं वाटलं होतं मला; कुठे निघालं ते कुणी सांगितलंच नाही. तुम्ही मोठं म्हणालात तेव्हा कळलं, माझं अजून जागेवर आहे." मग माझ्याकडे न बघता, "जन्मलं तेव्हा रडलंच नाही हो ते. रडलं असतं तर मी काहीही केलं असतं."

रडलं की नाही, हे कुठल्याही हाडावरून कळत नाही. मी तिचा हात धरला. चप्पल घातली आणि वाडीकडे निघाले.