तिवरबंदरला पंचायत मिळते

तिवरबंदर, १२ मार्च १९६२
७८६
चि. झहूर यास आपाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.
शाळेतून आज सवड झाली. वाडीला वेगळी ग्रामपंचायत मिळावी या आपल्या अर्जाच्या चौकशीला साहेब येऊन गेले. डोकी दोनशे अकरा भरली. त्यांना तीनशे हवीत. नाहीतर आपण खाडीपलीकडच्या मोठ्या गावातच राहणार, आणि ते आपल्याला होडी लागायला धक्का बांधून देत नाहीत. गेल्या पावसात तुझ्या बिल्कीसच्या कळा सुरू असताना होडी चिखलात रुतली आणि तुझा मुलगा दवाखाना न बघताच गेला. मोठ्या गावाने दुखवट्याचा ठराव पाठवला. अक्षर छान होतं.
कुवेतमधल्या आपल्या माणसांच्या सह्या पाठव. बिल्कीस नि तुझी लेक मुनिरा बऱ्या आहेत. जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि आपावर माया आहे तशी राहू दे.
तुझी आपा, सुगरा

शर्क, कुवेत, ३० मार्च १९६२
ती. आपास झहूरचा सलाम. वि. वि.
आज मच्छीबाजारामागच्या आमच्या खोलीवर सगळे जमले. एकशे तीस सह्या झाल्या. वाडीत ईदच्या नमाजालाही एवढे पुरुष मी पाहिले नव्हते. सह्या झाल्या तरी कोणी उठेना. सरपंच कोण, यावर चहाचे तीन फेरे झाले. शेवटी क्रेन चालवणारा यूसुफ सरपंच आणि मी उपसरपंच असं ठरलं. अकरा वर्षांत यूसुफ दोनदाच घरी गेलाय, म्हणून तो कुणाच्याच बाजूचा नाही, असं सर्वांचं मत पडलं. कचेरीचं तोंड मशिदीकडे की खाडीकडे, यावर दोन तट आहेत. धक्क्याचा विषय पुढच्या शुक्रवारी. बिल्कीसला म्हणावं, काळजी नको, आम्ही आहोत. आपली दुआ असू द्यावी.
तुमचा झहूर

तिवरबंदर, २० ऑगस्ट १९६२
चि. झहूर यास आशीर्वाद. वि. वि.
तुमच्या सह्या साहेबांनी बाजूला ठेवल्या. म्हणाले, "जो गावात राहतो, तोच गावाचा." तरी पंचायत मिळाली. मोठ्या गावानेच शिफारस केली. आपण वेगळे झालो की धक्क्याची कटकट त्यांच्यामागून सुटते.
जागा सात. उभे राहायला पुरुष मिळाले तीन, तिघेही काठी टेकत चालणारे. उरलेल्या चार जागा बायकांनी घेतल्या. मला शाळेच्या नोकरीमुळे उभं राहता येईना. बिल्कीस आपणहून आली. म्हणाली, "आपा, माझं नाव लिहा. त्या चिखलात मी होते." कोणी विरोधात उभं राहिलं नाही आणि सरपंच तीच झाली. यूसुफला कसं सांगायचं ते तू बघ. रागावू नकोस, पत्र पाठव.
सुगरा

शर्क, १४ सप्टेंबर १९६२
ती. आपास सलाम. वि. वि.
यूसुफला मी सांगितलं. आता म्हणतो, बायका आहेत तोवर ठराव आपण इथून पाठवत जाऊ. माझं काम वेगळंच आहे. पासपोर्ट मार्चमध्ये संपतो. नवा करायला गावच्या सरपंचाच्या सहीचा रहिवासी दाखला मागतात. अर्ज सोबत आहे. बिल्कीसला तेवढी सही करायला सांगा. घरचीच गोष्ट आहे. लोभात अंतर पडू देऊ नये.
झहूर

तिवरबंदर, ६ ऑक्टोबर १९६२
मुनिराच्या बाबांना सलाम. वि. वि.
आजवर माझी पत्रं आपा लिहायच्या, हे मीच लिहिते आहे. तुमचा अर्ज पंचायतीपुढे ठेवला. घरचा मामला म्हणून मी मत दिलं नाही. बाकी सहा जणांनी तो नामंजूर केला. तुम्ही इथं राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना.
मार्चपर्यंतचा पासपोर्ट घरी यायला पुरतो. धक्क्याचे चिरे आले आहेत, हात कमी आहेत. येऊन राहिलात तर दाखला मी स्वतः लिहून देईन. यूसुफभाईंनाही सांगा. त्यांचे ठराव पोचले, वाचायला अजून सवड झाली नाही.
तुमची वाट बघणं पंचायतीच्या कामात येत नाही. ते माझं मी करते.
आपली बिल्कीस,
सरपंच