जीप गेल्यावरही तुम्ही ज्वारीत निजलात

अहो,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं 'अहो'. काल तुमची तेरवी झाली. पंगत उठल्यावर तुमचा दोस्त काशिनाथ ओसरीवर रेंगाळला आणि सुपारी कातरता कातरता सगळं बोलून गेला. म्हणून आज लिहायला बसले.

"वहिनी, आता तं तो गेला, म्हून सांगतो," म्हणाला. "आनीबानीत शेलूबाजारच्या बाजारातून आमाले दोघाले जीपमंदी टाकून नेलं. दोघाईची नसबंदी केली. कोनाले सांगशीन तं माह्या बैलाची शपथ हाये, असं म्हने तो मले."

बैलाची शपथ! बायको काही आठवली नाही.

त्या बाजारी मीही होते. जीप दिसली आणि मिरच्यांचे ढीग तुडवत माणसं पळत सुटली. एका म्हाताऱ्याचं धोतर सुटलं, तरी तो थांबला नाही. मला हसू आलं होतं. आपल्या लग्नाला दोनच वर्षं झालेली, तुम्हाला कोण कशाला नेईल? तुम्ही दिवेलागणीला पाय फाकवत घरी आलात. "पळता पळता बांधावरून पडलो," म्हणालात. आणि मी वेडी, वीट तापवून तुमची कंबर शेकत बसले!

तेव्हा गावातले सगळे बाप्ये जीपच्या धाकानं ज्वारीत निजायचे. तुम्हीही दिवाळीपर्यंत घोंगडं घेऊन त्यांच्यात जात राहिलात. ज्याचं उरकलं आहे तो कशाला लपेल? तुमचं उरकलंय हे कुणाला कळू नये, म्हणूनच ना? किती डोकं चालवलंत हो! थोडं माझ्यासाठीही चालवायचं.

सरकारनं तुम्हाला गुरासारखं ओढून नेलं, त्याचा मला आजही संताप येतो. मिसरूड फुटलेलं पोर होतात तुम्ही. त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर तुम्हाला जवळ घेऊन मीच रडले असते.

पण तुम्ही गप्प बसलात. सासूबाईंनी मला अनवाणी पोहरादेवीला नेलं, कुणाकुणाचा झाडपाला पाजला. पहिल्या वर्षी माझं तीन महिन्यांचं पडलं होतं, ते सगळे सोयीनं विसरले. तुम्हीसुद्धा! शेजारच्या बारशाला मी गेले, तर बाळाचं तोंड झाकायचे. मग एक दिवस सासूबाई माझ्या वडिलांना म्हणाल्या, "इची कूस तं वठल्या झाडावानी वायली. आता तुमची लहानी द्या."

आणि तुम्ही बाशिंग बांधलंत. माझ्या सख्ख्या बहिणीला, शांताला, मी माझ्या हातानं हळद लावली. अक्षता पडत होत्या तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना? बोला ना, माहीत होतं ना?

शांताचीही कूस उजवली नाही. मग लोक म्हणू लागले, त्या घरच्या पोरीच तशा. आमच्या तिसरीला, वत्सलाला, स्थळच येईना. शेवटी ती चार लेकरांच्या बिजवराला दिली. त्या लग्नात तुम्ही बुंदी वाढत होतात. "सावकाश होऊ द्या," म्हणत फिरत होतात.

शांताला अजून काही माहीत नाही. आज सकाळी तिनं तुमच्या फोटोला हार घातला आणि हात जोडून म्हणाली, "माफ करजा जी. तुमाले एक लेकरू नाई देऊ शकली मी." मी दारात उभी होते. तुम्ही काचेआडून हसत होतात.

आता माझा शब्द ऐका. मी शांताला तुमच्या त्या फोटोसमोर बसवून सगळं सांगणार आहे. मग वत्सलाच्या गावी जाणार आहे, आणि येताना आपल्या पारावर थांबणार आहे. तुमची अब्रू मी जन्मभर नकळत पदराखाली झाकली. आता एक अक्षरही हळू बोलणार नाही.

वांझ नसलेली,
कमल