हिरव्या फ्रॉकची मालकीण

१० मार्च २०२५

चि. धाकटीस,
आशीर्वाद. नेहमीपेक्षा कमी आहेत, नीट मोजून घे.

रविवार, दिनांक ९ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या लेकीने माझी अब्रू काचेच्या कपाटात टांगलेली मी पाहिली. वेळ अचूक आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सदतीस वर्षं प्रत्येक कॉलची वेळ लिहिली, ती सवय निवृत्त होत नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू रडायला लागतेस आणि माझा मुद्दा राहून जातो.

तुझी लेक वस्तुसंग्रहालयात जुन्या कपड्यांची तज्ज्ञ आहे, हे तू मला गेली वीस वर्षं ऐकवते आहेस. तिच्या 'माझं आवडतं दशक' या प्रदर्शनाला मी कौतुकाने गेले. दारात एक मुलगी येणाऱ्या प्रत्येकाला आवडतं दशक विचारून त्याचा बिल्ला छातीवर लावत होती. एक टक्कल पडलेले गृहस्थ, जमीन झाडत जाईल अशी बेलबॉटम घालून, सत्तरचं दशक झाले होते. त्यांची बायको पन्नासचं दशक होती. ठिपक्यांचा फ्रॉक, आणि कंबर इतकी आवळलेली की तिला श्वास घेताना बघून मलाच धाप लागली. मी त्या मुलीला म्हटलं, बाई, आमच्या वेळी दशक निवडायला मिळत नसे, अंगाला येईल ते घालायचं. तिने मला बिल्लाच दिला नाही.

आणि तिसऱ्या कपाटात माझा हिरवा फ्रॉक. पांढरी कॉलर, पुढे सात बटणं. खाली कार्ड: 'फ्रॉक, १९६७. शिंप्याने शिवलेला. माझ्या आईचा.' तीन वाक्यं आणि तिन्ही धादांत खोटी. तो फ्रॉक मी १९६६ साली स्वतःच्या हातांनी शिवला, नोकरीच्या पहिल्या दिवशी घालायला. पुढे अकरा वर्षं तोच घालून बोर्डवर बसले. माझी बदली झाली तेव्हा तुझ्याकडे ठेवलेल्या ट्रंकेत तो राहून गेला, एवढाच तुझा आणि त्याचा संबंध. कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवणाऱ्या नननी माझी काजं साऱ्या वर्गात फिरवून दाखवली होती. त्या फ्रॉकची काजं जरा डोळे उघडून बघ म्हणावं. अशी काजं आपल्या घरात दुसऱ्या कोणाच्या हातून झालेली नाहीत. तू तर सुईत दोरा ओवायलाही मला हाक मारायचीस.

कामावरच्या कपड्याचं मोल तुला कळावं अशी माझी अपेक्षा नाही म्हणा. नोकरी करावी असं तुला कधी वाटलंच नाही. पहिल्यापासून घरबशी तू.

१ एप्रिलला हे सगळे कपडे कायमचे संग्रहालयाचे होणार, असं दारावर लिहिलं आहे. म्हणजे ते कार्डही कायमचं. माझ्यामागे लोक तेच वाचणार. त्याआधी ते बदललं पाहिजे.

लोभ शिल्लक ठेवायचा की नाही, ते कार्ड बघून ठरवीन.

ताई

१४ मार्च २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने दोनदा वाचलं, घडी घातली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. म्हणून आरोपी क्रमांक दोन उत्तर देते आहे.

कार्ड मी मनाने लिहिलेलं नाही. फ्रॉक उलटा करून भिंगाखाली दोन दिवस पाहिला. आतली टीप दुकानातल्या जड मशीनची आहे. घरच्या हातमशीनवर इतकी सरळ टीप येत नाही. कमरेच्या पट्टीत शाईने लिहिलेला शिंप्याचा नंबर आहे आणि त्यापुढे सालही आहे, १९६७. तुझा दावा खरा मानायचा, तर तू स्वतः शिवलेल्या कपड्यावर स्वतःलाच नंबर दिलास असं होईल. तुझ्या शिस्तीचा विचार करता ते अगदीच अशक्य नाही.

ट्रंक आपल्या घरातली, म्हणून फ्रॉक कोणाचा ते मी आईला विचारलं. तिने बराच वेळ तो हातात धरला आणि माझाच आहे म्हणून सांगितलं. हे मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं होतं, कारण आई आजवर कुठल्याच वस्तूला माझी म्हणालेली नाही.

काजांबद्दल तू म्हणतेस ते खरं. हाताने केलेली आहेत आणि अप्रतिम आहेत. फक्त मावशी, त्या टाक्यांच्या गाठी उलट्या बाजूला झुकतात. डाव्या हाताने शिवणाऱ्याची काजं अशी असतात. तू तर माझा कान नेहमी उजव्या हाताने पिळायचीस. घरात डावखुरं कोण आहे, ते तुला माहीत आहे.

आईला बोलतं करायचा प्रयत्न चालू आहे. साठच्या दशकाचा एक बिल्ला तुझ्यासाठी बाजूला ठेवला आहे. राग ओसरला की ने.

तुझी भाची

१९ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेक सारखी मागे लागली आहे, आणि कधीतरी हे लिहायचंच होतं.

१९६७ च्या ऑगस्टात तू चार दिवस प्रशिक्षणाला परगावी गेली होतीस. फ्रॉक घरी होता. त्या गुरुवारी अकरा वाजता मला तुमच्याच एक्स्चेंजमध्ये मुलाखतीला बोलावलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं असतं, तर तू मुलाखतीआधीच माझी मुलाखत घेतली असतीस आणि त्यात मी नापास झाले असते. माझ्याकडचे सगळे कपडे तुझे उतरलेले, कोपरांवर तुझ्या कोपरांचे फुगे आलेले. तुझ्या त्या एका फ्रॉकमध्ये मला वाटायचं की आपणही कोणीतरी आहोत. सकाळी त्याला इस्त्री करायला घेतली आणि बूट शोधायला उठले. परत आले तर पाठीवर इस्त्रीचा ठसा, तपकिरी, टोकासकट.

मुलाखत अकराची होती. अकरा वाजता मी शिंप्याच्या दारात उभी होते. तू कापड त्याच्याच दुकानातून घेतलं होतंस आणि तो तागा अजून शिल्लक होता, हे नशीब. त्याने दोन दिवसांत दुसरा शिवला. कॉलर आणि बटणं तुझ्या फ्रॉकची काढून लावली. द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून दोन महिने दुपारी त्याच्याकडे बसून काजं करून दिली. ती सात पहिली. पहिल्या दिवशी तीन वेळा उसवली.

सोमवारी तू तोच घालून कामावर गेलीस. संध्याकाळी म्हणालीस, कमरेत घट्ट होतो आहे, कॅन्टीनचा लोणीपाव बाधला. महिनाभर लोणी सोडलंस. मी समोर बसून तुला कोरडा पाव खाताना बघत होते. सांगायचं रोज ठरवायचे.

मग लवकरच तू मला घरबशी म्हणायला लागलीस, पाहुण्यांसमोरसुद्धा. मी हसायचे. वाटायचं, जळक्या फ्रॉकच्या मानाने फारच स्वस्तात सुटले. आता शहात्तर वर्षांची झाले आहे ताई, आणि या खेपेला तो शब्द वाचून हसू आलं नाही.

जळका फ्रॉक मी टाकलेला नाही. माझ्या कपाटात सगळ्यात खाली आहे. कार्डावर तुझं नाव घालायचं असेल तर लेकीला सांगते. माझं काही म्हणणं नाही.

रागावलीस तरी लोभातून काढू नकोस.

तुझी धाकटी

२४ मार्च २०२५

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

म्हणजे दहा वर्षं मी तुझा फ्रॉक घालून रुबाब केला, तुझ्या काजांवर माझी प्रौढी मिरवली, आणि शिंप्याच्या मापात मावत नाही म्हणून लोणी सोडलं. तुझ्या लेकीला शिकवायला निघालेल्या बाईला स्वतःच्या अंगावरचा कपडा ओळखता आला नाही. हे वाक्य एकदाच लिहिते आहे. कोणाला दाखवू नकोस.

शनिवारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी पुन्हा त्या कपाटासमोर उभी होते. मोठ्या गॉगलची एक मुलगी मैत्रिणीला काजं दाखवत होती, की आता असं काम कोण करतं. न विचारताच मी सांगितलं, "माझ्या बहिणीने केली आहेत. तेव्हा ती अठरा वर्षांची होती."

तेव्हा कार्ड आहे तसंच राहू दे. फक्त एक ओळ वाढवायची: 'काजं आईचीच.' आणि शेजारी जळका फ्रॉक टांगायचा, ठसा लोकांकडे करून. त्याच्या कार्डावर लिहायचं, 'मावशीने शिवलेला, आईने भाजलेला.' तुझी लेक कुरकुरेल. तिला म्हणावं, अगदी हेच शब्द हवेत.

'घरबशी' हा शब्द मी परत घेते. चारचौघांत वापरला होता, तेव्हा परतही चारचौघांतच घेईन. तू फक्त दिवस कळव.

आता माझी खरी तक्रार. फ्रॉक जळला म्हणून मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतं, हे कबूल. तिसऱ्या दिवशी मात्र माझा करडा स्कर्ट तुझ्या कमरेला पिनांनी आवळून तुला मीच सुपरवायझरबाईंसमोर नेऊन उभी केली असती आणि दुसरी तारीख मागितली असती. त्या साली माझ्या डाव्या हाताची खुर्ची पाच महिने रिकामी होती. ती कोणासाठी होती, ते मला आत्ता कळतं आहे. पुढे तिथे एक बाई आल्या आणि माझी बदली होईपर्यंत नाक ओढत बसल्या, दर दोन मिनिटांनी एकदा. मी वेळ लावून पाहिली आहे. त्या जागी तू असतीस. सुपरवायझरबाईंची नक्कल मी कोणासमोर करून दाखवायची, हा प्रश्न मला तिथे कधीच पडला नसता.

तेव्हा खालील प्रश्नाला लेखी उत्तर हवं. तुला एका फ्रॉकपायी अठ्ठावन्न वर्षं तोंड शिवून बसावं लागलं, एवढी मी भयंकर होते का? 'हो' असेल तर 'हो' लिही, गुळमुळीत नको. पत्र शुक्रवार, २८ मार्च, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. टपालाचा भरवसा वाटत नसेल, तर स्वतः घेऊन ये.

ताई