तीन वाजताचा राम राम

सणसर
९ फेब्रुवारी १९९९

चि. मानसिंग यास,
अक्काचे अ. उ. आ.

सावडून झाल्यावर तू गेलास. नीट पोचलास का ते कळव. मी बरी आहे, जेवते. पत्रात माझ्या नावाआधी काय लिहायचे या विचारात बसू नकोस. श्रीमती लिहीत जा.

एक काम आहे. तेराव्याला हार घालायला यांचा फोटो नाही. काढू काढू म्हणत राहिले. मतदानाच्या कार्डावरचा इतका काळा आहे की शेजारच्या कुशाबाई म्हणाल्या, ह्यो माझा म्हणून बी खपंल. नात छकुली आठ महिन्यांची. तिला आजोबा म्हणून काय दाखवू? तुमच्या कंपनीच्या गेटावर कॅमेरा आहे, हे त्याच गेटावर वॉचमन होते आणि तो कॉम्प्युटर तू सांभाळतोस. त्यातून तोंड दिसेल असा एक फोटो काढून दे. पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या ऋषिराजकडे देत आहे, उत्तरही त्याच्याकडेच दे.

पोरांना आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.
तुझी,
जयवंताक्का

---

बारामती
१० फेब्रुवारी

श्रीमती अक्कास,
मानसिंगचा शि. सा. न.

पत्र वाचले आणि आधी तारीख मोजली. आमच्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये आठच दिवसांचे चित्रण मावते. मळ्यातल्या हौदासारखे समज, नवे आत आले की जुने बाहेर जाते. दाजींचा कामावरचा शेवटचा दिवस ४ तारखेचा, ड्यूटी तीनपर्यंतची. परवा दुपारी तीनपर्यंत तो सगळा पुसला जाईल.

सगळे उचलून ठेवावे तर एका तासाच्या चित्रणाला टोपलीभर फ्लॉप्या लागतील. डिस्कच काढून ठेवू का विचारले, तर साहेब म्हणाले की दत्तोबा लाख माणूस होता, पण गेट उघडे टाकता येत नाही. एक चित्र मात्र एका फ्लॉपीत बसते. तेवढे मी मिळवणार, काळजी करू नकोस. अडचण एवढीच की आज दिवसभर बघितले त्यात दाजींची पाठ दिसते, टोपी दिसते, ट्रकखाली वाकून बघताना दिसतात. तोंड कुठेच नाही. कॅमेरा उंच खांबावर आहे आणि दाजी मान वर करत नाहीत. वर कधी बघायचे ते तुला ठाऊक असेल तर लगेच कळव.

लोभ तुटू देऊ नये.
मानसिंग

---

सणसर
११ फेब्रुवारी

चि. मानसिंग यास,
अ. उ. आ.

तीनच्या आसपास बघ. ड्यूटी संपली की ते वर बघत.

कॅमेरा बसवला तेव्हा यांनी तुला विचारले होते की आत बसून कोण बघतं. तू म्हणालास, मीच बघतो की दाजी. त्यांना ते खरे वाटले. घरी येऊन चहा घेताना रोज सांगायचे की मेव्हण्याला राम राम घालून आलो, पोरगं कामात असतंय, उलटा राम राम घालत न्हाय.

हे तुला लागावे म्हणून लिहीत नाही. वेळ कळावी म्हणून लिहिते.

अक्का

---

बारामती
१२ फेब्रुवारी

श्रीमती अक्कास,
शि. सा. न.

मिळाले. टेम्पो साडेबाराला पोचला, एक वाजता चित्र सापडले. ४ तारीख, दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटे. दाजी टोपी काढतात, खांबाखाली येतात, वर बघतात आणि उजवा हात वर करतात. लगेच खाली घेत नाहीत. सहा सेकंद थांबतात. मग पिशवी उचलून एस.टी.कडे जातात.

सात महिने ते रोज असे थांबत होते आणि मी एकदाही बघितले नाही. कॉम्प्युटर साठवतो आहे, मग आपण कशाला बघायचे, असेच मी समजत होतो. आज खोलीत एकटाच होतो. मी हात वर केला.

फ्लॉपी खिशात ठेवली. तीन वाजता मूळ चित्रण पुसले गेले. आता स्टुडिओतून मोठे करून फ्रेम बांधून तेराव्याला घेऊन येतो. फोटोत हात येतो आहे. तुमचे थोरले भाऊजी मोहनराव नको म्हणाले तर हात कापून नुसते तोंड ठेवता येईल, असे स्टुडिओवाला म्हणतो. मला ते करवणार नाही, पण तू म्हणशील तसे.

मानसिंग

---

सणसर
१८ फेब्रुवारी

चि. मानसिंग यास,
अ. उ. आ.

तेराव्याला जेवून तू चारच्या गाडीने गेलास, त्यानंतरची हकिगत. पाहुणे उठले तसे मोहनराव भाऊजी फोटोसमोर आले. मग म्हणाले की गेलेला माणूस हात करतोय, असला फोटू कोण लावतं व्हय? मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढे बोलले. दारात आलेल्याला हे नेहमी आधी राम राम घालायचे, आता बी घालू द्या, असे म्हणाले आणि फोटो दारासमोर उंच लावला, तुमच्या कॅमेऱ्यासारखा.

काल सकाळी भाऊजी चहाला आले. चप्पल काढली, वर बघितले आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. मी चुलीकडे तोंड केले. कुशाबाई तर आता दिवसातून तीनदा येतात. ऋषिराज म्हणतो की दत्तोबा मामा आता आधीपेक्षा जास्त माणसांना भेटत्यात.

तू खोलीत हात वर केलास ती ओळ मी आज तीन वाजता फोटोपुढे उभी राहून त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. आता त्यांची तक्रार नाही.

येत राहा. पोरांच्या गालावरून माझा हात फिरव.
तुझी,
अक्का