बेटावरची हेमाली

डेन्मार्क, जून २००२

अहो,

बोटीतून उतरले, तर धक्क्यावर आपली हेमाली आणि जावई येन्स, दोघंच उभी होती. पोरीनं मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून बोटीकडे बघत विचारलं, "बाबा मागून येतायत?"

लग्नापासून तुम्ही तिचं नावही घेत नाही, हे कसं सांगू? म्हटलं, "गुडघे धरलेत गं त्यांचे."

येन्सनं माझी पिशवी घेतली आणि घोकून ठेवलेलं मराठी बोलला, "आई, दमलात?" मला रडूच आलं.

बंदराला लागूनच त्यांचं घर आहे. गाव अगदी शांत. जेवताना हेमाली म्हणाली, "आई, गुडघ्यांचं निमित्त आहे, मला ठाऊक आहे. सोमवारी तू निर्मळच्या देवळात गेलीस की मी घरी फोन करते. बाबा एक शब्द बोलत नाहीत, पण ठेवतही नाहीत. मीच केळीच्या बागेचं विचारत राहते."

मी तुम्हाला दगड समजत होते हो!

हे पत्र मी टाकणार नाही. मला कळलंय म्हटल्यावर तुम्ही लाजेनं फोन उचलायचेच नाही. परत आले की सोमवारी देवळात जाईन, आणि चांगली उशिरा येईन.

तुमची,
यमुना